गाव सोडल्यावर लागतो तो 'कर'

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या आमच्या घरात कर्फ्यू लागला होता... कुकर लावायचा नाही, मिक्सर तर नाहीच नाही. आमच्या लेकीचा, मुक्ताचा फोनवर इंटरव्ह्यू होता, थेट अमेरिकेहून.

मुक्ता बॉनला इतिहास शिकते, इंटरव्ह्यूपुरती घरी आली होती. विषय काय, तर नॉर्वेहून अमेरिकेत गेलेली शेतकरी कुटुंबं. हाच विषय का, ते मला विचारू नका... मी विचारून बघितलंय.

या लोकांच्या इतिहासावरच्या संशोधनाला फंडिंग देणारी एक संस्था तिकडे आहे. तिचं स्टिपेंडियम, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळालं तरच मुक्ताला मिनेसोटातल्या चर्चमधल्या जुन्या नोंदी बघता येणार होत्या. नाहीतर प्रबंध अर्धाच राहणार.

मी डिप्लोमावाला. जर्मन, कॅड, आणि आता हे कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणं... सगळं माझं मी शिकलो. ऑफिसात दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासणं हेच माझं काम, त्यामुळे तिचा अर्जही मी लाल पेनने तपासला हे ओघानं आलंच.

त्यात एका ठिकाणी माणसाचं नाव ओले बाक्के. पुढच्या पानावर तोच माणूस, तीच बायको, पण ओले हाउगेन! मी गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'आडनाव जुळत नाही. तपासणे.'

मुक्ता हसली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. म्हणाली, चूक नाहीये. नॉर्वेत माणूस ज्या शेतावर राहायचा त्याचं नाव लावायचा. ओले सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला, नाव बदललं. अमेरिकेत गेल्यावर मात्र मागे सोडलेल्या त्या शेवटच्या शेताचं नाव कायमचं चिकटलं.

म्हणजे आपला 'कर', मी म्हणालो. गेनाऊ, म्हणजे अगदी तसंच, ती म्हणाली.

पण मला अर्धवट बरोबर सहन होत नाही. म्हटलं, अगदी तसंच नाही हं. म्हसवडात आपल्याला कुणी म्हसवडकर म्हणत नाही, तिथे आपण अजूनही सुतारांचे. माझे आजोबा कोल्हापूरला गेले, लोकांनी विचारलं कुठले, तेव्हा कुठे आपण म्हसवडकर झालो. "गाव सोडल्याशिवाय कर लागत नाही, बाळा."

ती अर्जाचं पुढचं पान उलटू लागली. मला वाटलं, गेलं नेहमीसारखं या कानातून त्या कानात...

एक गोष्ट मनात सलत होती, ती इथे लिहितो. बॉनला तिच्या घराच्या बेलवर नाव आहे 'कार'. म्हसवडकर जर्मनांच्या तोंडात बसत नाही, बेलच्या पट्टीवर मावत नाही, म्हणून पुढचं सगळं उडवलं. पोस्टमन तिला फ्राऊ कार, म्हणजे कारबाई, म्हणतो. मी तिला कधी बोललो नाही, पण ती बेल दाबताना दर वेळी वाटायचं, अख्खं गाव कापलं आणि शेपूट तेवढं ठेवलं.

तर इंटरव्ह्यू. मी पॅसेजमध्ये, तिच्या दाराला लागून, बुटांना पॉलिश करत होतो. बायको कुजबुजली, "अहो, कालच केलेत ना ते बूट?"

सुरुवात बरी झाली. मग स्पीकरवर एका म्हाताऱ्या आवाजाने विचारलं, जर्मनीत वाढलेल्या भारतीय मुलीला नॉर्वेच्या शेतकऱ्यांशी काय देणंघेणं? विचारलं प्रेमानेच... पण विचारलं.

माझा ब्रश बुटावरच थांबला.

मग तिने आपलं नाव सांगितलं. पूर्ण. म्हस-वड-कर, एकेक अक्षर सोडवून. म्हणाली, त्या गावात आम्हाला या नावाने कुणी ओळखत नाही, गाव सुटलं तेव्हा ते मिळालं. ओलेचंही तसंच. सुटलेल्या गावाचं नाव पुढची पोरं कुठवर सांभाळतात आणि कधी आखूड करतात, ते मला शोधायचंय... कारण मी स्वतः ते आखूड केलंय.

मग तो म्हातारा आवाज म्हणाला, आमच्याही नावातलं एक अक्षर माझ्या आजोबांनी बोटीतून उतरल्यावर गाळलं होतं.

स्टिपेंडियम मिळालं!

परवा तिला स्टुटगार्टच्या एअरपोर्टवर सोडलं. बॅगेवर तिने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं होतं, पूर्ण, शेवटची अक्षरं दाटीवाटीने कोपऱ्यात. आत जाता जाता ती वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तिकडे विचारलं कुठली, तर मी गेर्लिंगेन सांगणार. म्हणजे आता मी गेर्लिंगेनकर ना?"

मी तिला कायम म्हसवडचीच धरत आलो... आणि तिने म्हसवड पाहिलंय ते दोनदा, सुट्टीत. तिचं गाव म्हणजे हेच. हा द्राक्षमळ्यांचा उतार, कोपऱ्यावरची बेकरी, आमचं हे भाड्याचं घर.

"हो," मी म्हणालो. "पण स्पेलिंग नीट सांग."

इतकी वर्षं मी इथे पाहुण्यासारखा राहतोय असंच मला वाटायचं. पण आपली पोर ज्या गावाचं नाव घेऊन जगात निघते, ते गाव आपलं नाही असं कसं म्हणणार...