सिडनीच्या पेटीतला असोला नारळ

“काका, पेटीत नारळ आहे का?”

रसिकाचा सिडनीहून फोन. हॅलो नाही, कसे आहात नाही. थेट हेच.

“आहे,” मी म्हटलं. “का?”

“वाट लागली, काका.”

मी तेव्हा अंधेरीच्या एमआयडीसीत, आमच्या कंपनीच्या मागच्या शेडमध्ये स्टुलावर बसलो होतो. समोर चहा होता. तो तसाच राहिला.

आधी आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोक म्हणतात क्लाउड. ढगबिग काही नसतो. एक एसी हॉल असतो, त्यात लोखंडी कपाटं असतात. त्यांना रॅक म्हणतात. रॅकमध्ये चपटे कॉम्प्युटर एकावर एक बसवतात. त्यांना स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, नुसता पंख्यांचा आवाज. ते सर्व्हर. लोक आपली दुकानं, बिलं, फोटो त्यात ठेवतात आणि आम्हाला भाडं देतात. मी त्यातला सर्व्हर उचलणारा, बसवणारा, वायरी ओढणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत. आत कोणाचं काय चाललंय ते मला कळत नाही आणि कळून काही करायचंही नाही.

आमची कंपनी लहान. मालक मेहुल, बोरीवलीचा पोरगा. मी त्याला अरे-तुरे करतो, तो मला काका म्हणतो. त्याच्या डोक्यात आलं, आता परदेशात लोकेशन काढायचं. लोकेशन म्हणजे तिकडच्या कोणाच्या तरी मोठ्या हॉलमध्ये जागा भाड्याने घ्यायची आणि आपलं कपाट उभं करायचं. कारण काय, तर सिडनीत एक सुरतचा माणूस आहे, त्याची किराण्याची दुकानं आहेत. तिकडे गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहणार आणि त्याचं बिल अंधेरीला येऊन परत सिडनीला जाणार. लांबचा पल्ला. मशीन अडखळतं. गिऱ्हाईक वैतागतं. तो म्हणाला, मशीन माझ्या गावात आणा, नाहीतर मी दुसरा बघतो.

मग ठरलं. रॅक अंधेरीत भरायचा, चालवून बघायचा आणि पेटीत घालून विमानाने पाठवायचा. तिकडे उतरला की वायर लावायची आणि चालू. त्यासाठी रसिकाला आधीच पाठवलं.

रसिका मुलुंडची. इंजिनीअर. कंपनीत आली तेव्हा दुपारी वडापाव खायची, उभ्याउभ्या. मी घरी सहज बोललो. दुसऱ्या दिवसापासून आमच्या हिने दोन डबे द्यायला सुरुवात केली. “तिका सांग, डबो परत देताना धुवून देव नको,” एवढाच निरोप. दोघी भेटल्या दोन-चारदाच. पण डबा रोज जायचा, लाल काठाच्या रुमालात बांधून.

मग ही गेली. आजारपण थोडक्यात आटपलं. मी पुन्हा कामावर आलो, कारण घरी बसून करायचं काय? त्या सोमवारी रसिकाने माझ्या पुढ्यात डबा ठेवला. तिने स्वतः केलेला. त्यात मीठ नव्हतं. मी खाल्ला.

सिडनीचा रॅक ठरलेल्या दिवशी चालू झाला, तर रसिकाला तिथली इन्चार्ज करायचं, असं मेहुलने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नाहीतर तिकडच्याच कुठल्या तरी एजन्सीला काम द्यायचं आणि हिला परत बोलवायचं. पोरगी त्यासाठी मरमर राबली होती. इथे राहून ती दुसऱ्यांच्याच हाताखाली राहिली असती. ते तिला माहीत होतं, मलाही होतं.

आता नारळ.

पेटी बंद करायच्या दिवशी मेहुल शेडमध्ये आला. आमच्याकडे दसऱ्याला सर्व्हरला झेंडू लावतात, कुंकू लावतात. नवीन हॉल झाला तर पूजा होते. पण ही पहिली परदेशातली पेटी. तो म्हणाला, “काका, तुमच्या कोकणात देवाला घालतात ना, गाऱ्हाणं? ते घाला. सगळे होय महाराजा म्हणतील. एकदम झकास.”

“माझ्या घरात वर्षश्राद्ध व्हायचंय अजून. मी देवाला हात लावत नाही.”

“अहो, देव समजून घेतो.”

“देव घेईल. मी घेत नाही.”

पण तो ऐकेना. शेवटी कंटाळून हो म्हटलं. भांडायला ताकद लागते.

गाऱ्हाण्याला शेंडीचा सोललेला नारळ लागतो. कोपऱ्यावर मिळतो. मी विकत घेतला नाही. घरातला नेला. तो असोला होता, म्हणजे सोडणासकट, झाडावरून उतरवलेला तसाच. हिने शेवटच्या खेपेला गावाहून आणलेला. रोपासाठी ठेवला होता. “ह्याका कोंब इलो की गावाक नेवन परसात लावूया,” म्हणायची. आमच्या बोरीवलीच्या खोलीत तो फळीवर पडून होता. ही गेल्यावर मला तो फोडवेना आणि टाकवेना. स्वयंपाकघरात गेलं की तो दिसायचा. म्हटलं, जाऊ दे एकदाचा घरातून. हिच्याच डब्याच्या रुमालात बांधला आणि नेला.

पेटीवर ठेवला, तांदूळ वाहिले आणि म्हटलं, “बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरांनी परमुलखात दुकान मांडूचा ठरवल्यानी हा. ही पेटी थंय सुखरूप पोचव. वाटेत कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर रे म्हाराजा!”

सगळे ओरडले, “होय म्हाराजा!” अकाउंटवाली मद्रासी बाईसुद्धा.

मेहुल म्हणाला, “आता फोडू?”

“राखणीचा नारळ फोडत नाहीत,” मी म्हटलं. “ज्याची राखण, त्याच्याजवळ ठेवतात.”

आणि मी तो पुन्हा रुमालात बांधून पेटीत खाली, कोपऱ्यातल्या फोममध्ये बसवला. वर तांदळाची मूठ टाकली. मेहुलने स्वतः झाकणाला पहिला स्क्रू मारला.

गंमत अशी की त्या पेटीच्या लाकडासाठी आम्ही किती धावपळ केली होती. परदेशात साधं लाकूड चालत नाही. ते भट्टीत घालून त्याला ताव द्यावा लागतो, मग त्यावर शिक्का बसतो. शिक्का म्हणजे आत कीड, अळी, अंडं, काही जिवंत उरलेलं नाही. मी सुताराला बजावलं होतं, शिक्क्याशिवाय फळी आणलीस तर परत नेशील. फळ्या तपासून घेतल्या. आणि त्यात नारळ ठेवला. कोणाच्याही मनात आलं नाही. देवाचं ते देवाचं, कस्टमचं ते कस्टमचं. एवढ्या माणसांत एकानेही दोन्ही एकत्र धरून पाहिलं नाही.

सिडनीत पेटी एक्स-रेखाली गेली. सर्व्हरच्या खाली काहीतरी गोल दिसलं. पेटी अडवली. तिकडे बाहेरचं झाड, फळ, बी काही आत येऊ देत नाहीत. त्यांची शेती त्याने बुडते म्हणतात. बरोबरच आहे. आपणच निष्काळजी.

मी फोन खिशात टाकून मेहुलच्या केबिनमध्ये गेलो. त्याला बातमी पोचली होती.

“काका, मोठा लोचा झाला. पेपरवर लिहिलंय, पेटीत फक्त मशीन आहे. खाली सही रसिकाची.”

“मग?”

“मग क्लायंटला काय सांगू? कोणाची तरी चूक दाखवावी लागेल ना. तिने चेक करायला पाहिजे होतं.”

“सही ती निघायच्या आधी करून गेली. पेटी बंद केली तेव्हा ती विमानात होती.”

“सही तर तिची आहे ना.”

“मेहुल, ऐक,” मी म्हटलं. “नारळ माझा. गाऱ्हाणं तुझ्या सांगण्यावरून. पहिला स्क्रू तुझा. ह्यात ती पोरगी कुठे येते सांग.”

तो मोबाइलकडे बघत बसला.

“मला काढ पाहिजे तर,” मी म्हटलं. “मला काढल्याने आता कोणाच्या घरी चूल विझत नाही.”

“असं काय बोलता, काका.”

“तुला समजावं म्हणून बोलतो.”

तेवढ्यात रसिकाचा व्हिडिओ कॉल आला. मेहुलने लॅपटॉप फिरवला. ती एका मोठ्या गोदामात उभी होती, अंगावर केशरी जाकीट. शेजारी तिथल्या कस्टम खात्याची एक बाई, माझ्याच वयाची असेल, हातांत हातमोजे. मागे आमची पेटी उघडी. सर्व्हर अजून आत, पण कोपऱ्यातला फोम काढलेला.

बाई इंग्रजीत बोलायची, रसिका मराठीत सांगायची.

“काका, त्या विचारतायत, हे खायला पाठवलंय का?”

“नाही म्हणावं.”

“विकायला?”

“नाही.”

“मग कशाला?”

आता ह्याला काय उत्तर देणार? “पेटीच्या राखणीला,” मी म्हटलं. “रस्त्यात कोणी आडवं येऊ नये म्हणून.”

रसिकाने सांगितलं. बाईने पेटीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसली नाही. काहीतरी बोलली.

“त्या म्हणतायत, आडवा तर हाच आला.”

मेहुल कपाळाला हात लावून बसला. मी म्हटलं, “बाई बरोबर बोलतायत.”

मग बाईने रुमालाची गाठ सोडली. रसिकाने मान खाली घातली. तिने तो रुमाल ओळखला होता. कितीतरी दुपारी तिने तो स्वतः सोडला होता. बाईने नारळ उचलला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. देठाच्या बाजूने बोटाएवढा कोंब बाहेर आला होता. पांढरा, टोकाला जरासा हिरवा.

फळीवर इतके महिने होता तेव्हा आला नाही. का आतल्या आत आला होता आणि मीच बघितलं नाही, काय ठाऊक. मी त्याच्याकडे बघायचंच टाळत होतो.

बाई हळू बोलली. रसिका म्हणाली, “त्या म्हणतायत, हा जिवंत आहे.”

मी लॅपटॉपजवळ सरकलो.

“जिवंत असेल तर नियम आणखी कडक आहे, काका. रुमाल, तांदूळ, फोम, सगळं त्यांच्या भट्टीत जाळायचं. मशीन साफ करून सोडतील. नाहीतर अख्खी पेटी परत मुंबईला. मी... मी हो म्हणू का?”

“हो म्हण ना यार!” मेहुल उसळला. “विचारतेस काय? सही कर आणि मोकळी हो!”

“सर, एक मिनिट थांबा,” रसिका म्हणाली. “मी काकांना विचारतेय.”

तिची नोकरी टांगणीला. मालक समोर. पेटी एका सहीवर सुटत होती आणि ती सही तिलाच करायची होती, मला विचारायची काही गरज नव्हती. तरी ती थांबली. बाईसुद्धा थांबली, हातात नारळ धरून. तिला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी कळलं असावं.

मी विचार केला तो एवढाच. ही बोरीवलीहून गावाला आणि गावाहून बोरीवलीला, ह्यापलीकडे कधी कुठे गेली नाही. विमान तिने गच्चीवरून बघितलं. तिचा नारळ समुद्र ओलांडून गेला, वर कोंब फुटून गेला. आता जळणार. तिच्या चितेच्या वेळी अग्नी द्यायचा का, असं मला विचारलं तेव्हा मी मान हलवली होती. मग नारळासाठी किती वेळ लावायचा?

“जाळा म्हणावं,” मी म्हटलं. “पण नीट जाळा. अर्धवट नको.”

रसिकाने ते सांगितलं. बाईने मान हलवली, कोंबाला धक्का न लावता नारळ पुन्हा रुमालात ठेवला आणि गाठ मारली. मग थेट माझ्याकडे बघून बोलली.

“त्या म्हणतायत, काळजी करू नका. भट्टी चांगली आहे.”

“थँक्यू म्हणावं,” मी म्हटलं, आणि शेडमध्ये परत आलो. चहावर साय धरली होती. तोच प्यायलो.

पुढचं थोडक्यात. सर्व्हर एकेक बाहेर काढून पुसावे लागले. पंख्यांत तांदळाचे दाणे अडकले होते. रसिकाने चिमट्याने वेचले. मला फोन करून म्हणाली, “काका, मूठ जरा लहान घेतली असतीत तर?” पहिल्यांदाच दोघं हसलो.

रॅक ठरलेल्या दिवसानंतर चालू झाला. मेहुलने सुरतवाल्याला घाबरत घाबरत खरं सांगितलं, रसिकाचं नाव न घेता. मी केबिनच्या दारातच उभा होतो, त्याचाही उपयोग झाला असेल. सुरतवाला पहिल्यांदा तापला. मग म्हणाला, माझ्या आईचं लोणचं ह्याच लोकांनी असंच जाळलंय, बरणीसकट. आणि राहिला.

उशीर नारळाने केला, रसिकाने नाही, हे मेहुलनेही मानलं. ती आता तिकडची इन्चार्ज आहे. डब्यात मीठ घालते म्हणते. मी काही चाखायला जाणार नाही.

परवा मेहुल आला. पुढची पेटी कॅनडाला. “काका, गाऱ्हाणं?”

“घालतो,” मी म्हटलं. “पण शेंडीचा नारळ आण, तू आण. दाराबाहेर फोडायचा, आणि खोबरं इथल्या इथे खाऊन संपवायचं.”

ह्या धंद्यात इतकी वर्षं काढून मला सांगण्यासारखं एवढंच कळलं. लाकडाला ताव दिला की त्यात जिवंत काही उरत नाही. असोला नारळ ठेवून दिला की त्याला कोंब येतो, तुम्ही बघा नाहीतर नका बघू. दोन्ही एका पेटीत घालू नयेत.