वनिताचा मेसेज

हे मी वनिताच्या आईलाही सांगितलेलं नाही. एका चुलीवरचं खाऊन दोघं म्हातारे झालो, पण हे मधे तसंच पडून राहिलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि उद्या कामतघरच्या नाक्यावर भेटलात तरी मी मान वळवून निघून जाईन. तेवढी मगरुरी अजून आहे अंगात.

लिहितोय मीच. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. चौथीपर्यंत शिकलो. हे चौथीचं आधी सांगायला पाहिजे, कारण खोड तिथूनच लागली. ज्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी मुकादम होतो, तिथं चौथी म्हणजे मोठी गोष्ट. मागावरचे कामगार बरेचसे उत्तरेकडचे, आमच्या बाजूचे होते ते अंगठा लावणारे. चहाच्या सुट्टीत मी मराठी पेपर मोठ्यानं वाचायचो आणि त्यांना हिंदीत समजावून सांगायचो. मोठ्यानं म्हणजे ओरडूनच. मागांच्या खडखडाटात राहून राहून सगळ्यांचेच कान गेलेले. कारखान्यात तर बोलणं हातांनीच — बोट असं फिरवलं की धागा तुटला, मूठ अशी उघडली की सुताची कांडी संपली. माझे कान तर सगळ्यात जास्त गेलेले. ते लक्षात ठेवा.

वनिता माझी एकुलती एक लेक. बारावी शिकलेली. कशेळीला दिली. घर बघून दिली — जमिनीवर गोडाऊन उभी राहिलेली, दाराशी गाडी. पाठवणीच्या वेळी मी तिला बाजूला घेतलं. आमच्यात लेक सासरहून एकटी येत नाही. माहेरचं माणूस न्यायला जातं, मग ती येते. एकटी आली तर गल्ली विचारते, काय करून आली? म्हणून मी तिला म्हटलं, "वने, काय बी होवो, एकटी येऊ नको. मला बोलव. मी येईन न्यायला."

तिनं मान हलवली. लहानपणापासून माझं ऐकायची. हेही ऐकलं तिनं. एकटी आली नाही. मला बोलावलं.

थांबा. मोबाईलचं राहिलं.

मोबाईल तिनंच घ्यायला लावला. त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या खिशात ते आलं होतं. त्याआधी कशेळीहून निरोप यायचा तर माणूस यायचा. ओट्यावर बसायचा, पाणी प्यायचा, आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच तोंडावरून कळायचं, बातमी कसली आहे ते. मोबाईल आला आणि माणसं यायची बंद झाली. फोन केला की झालं. माझं तर त्यानंही होईना. माझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे पलीकडच्यानं गळा फाडायचा. हळू बोललेलं एक अक्षर मला कळत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिनं शिकवलं. हिरवं बटण, लाल बटण. आणि दर रविवारी ती मिस कॉल देणार — एकदा वाजून बंद झाला की समजायचं, सगळं बरं आहे. उचलायचा नाही. तिच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर दाखवलं, खाली टोक आणि वर दोन फांद्या. "हे दिसलं की मी," म्हणाली. मग विचारलं, "आणि मेसेज, बाबा? मराठीच लिहितात सगळे, पण अक्षरं इंग्रजी. वाचता येईल ना?"

मी काय म्हणालो असेन?

"कारखान्यात पेपर कोण वाचतो?"

ती हसली. तिला खरंच वाटलं. का वाटणार नाही? जन्मापासून तिनं मला वाचतानाच पाहिलेलं. लग्नाच्या पत्रिका आल्या की चाळीतली माणसं त्या माझ्याकडून वाचून घ्यायची. पण इंग्रजी अक्षरं म्हणजे मला पाटीवरची नक्षी. त्या दोन फांद्या सोडल्या तर एकही ओळखीचं नव्हतं. येत नाही एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? लेकच होती समोर, परकं कुणी नव्हतं.

मेसेज आला तेव्हा आम्ही टपरीवर चहा पीत होतो. खिशात फोन थरथरला. शकील शेजारी बसला होता. आमच्यातला सगळ्यात जुना कारागीर, जीभ तिखट.

"चाचा, किसका मेसेज? समधन का?"

सगळे हसले. मीही हसलो. फोन लांब धरला, डोळे बारीक केले, ओठ हलवले. वर दोन फांद्या होत्या. म्हणजे वनिता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं — कळलं नव्हतं असं मी आज म्हणणार नाही.

"मोबाईल कंपनी का है," मी म्हणालो. "गाना लगाओ बोलता है."

"लाओ, देखूँ. मेरे को भी ऐसाच आया था."

"मेरे को पढ़ना नहीं आता क्या?"

शकीलनं हात जोडले. "अरे नहीं चाचा, आप तो पेपरवाले आदमी." पुन्हा सगळे हसले. फोन मी खिशात टाकला आणि मागांकडे गेलो.

त्यानंतर तो मेसेज माझ्याजवळच होता. कुणाला दाखवायचा? शकीलला दाखवला तर कंपनीचा नव्हता हे कळणार. चाळीत दाखवला तर मुकादमाला वाचता येत नाही हे संध्याकाळपर्यंत नळावर पोचणार. मनाशी म्हणत होतो, लेकीचं काही खाजगी असेल, परक्याला कशाला? खोटं होतं ते. परक्याची मला काही पडली नव्हती. मला माझी पडली होती.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. टळटळीत दुपार, मी गल्लीत उभा. तिच्या मागून भांड्यांचा आवाज, माणसांची कुजबुज — मला त्यातलं काय ऐकू येणार, पण घर भरलेलं आहे एवढं कळत होतं. ती ओरडूनच बोलली. माझ्याशी दुसरं कसं बोलणार? आणि ओरडून जेवढं बोलता येतं, तेवढंच बोलली.

"बाबा, मेसेज आला?"

"आला."

"वाचला?"

"वाचला की. मी काय अडाणी हाय?"

"मग?"

हा एक शब्द. मी बहिरा माणूस, पण हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. त्यात काहीतरी होतं. तुम्हाला कळलं असतं, कुणालाही कळलं असतं — मलाही कळलं. तिथंच म्हणायचं होतं, वने, मला वाचता येत नाही, काय लिहिलंस ते सांग. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं, रिक्षात बसायचं होतं. कशेळी काय लांब आहे? कामतघरहून निघालं की तोंडातली सुपारी संपायच्या आत येते. वाटेत कंटेनर अडकला, तर तेवढाच उशीर.

"बघू," मी म्हणालो. "इकडं कामाची घाई हाय."

ती काहीतरी म्हणाली, हळू. 'बरं' म्हणाली असेल. दुसरं काय म्हणणार?

मी गेलो नाही. गेलो असतो तर तिनं विचारलं असतं, वाचून एवढ्या उशिरा आलात? मग सांगावं लागलं असतं. म्हणून गेलो नाही. कामाची घाई नव्हती. त्या आठवड्यात निम्मा वेळ तर लाईट नव्हती, माग बंदच होते.

रविवारी मिस कॉल आला. मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. बघ, बरं आहे, उगाच आपण.

मग पुढं एका सकाळी कशेळीहून माणूस आला. किती दिवसांनी निरोप घेऊन माणूस आला होता. तिच्या सासरचा शेजारी. ओट्यावर बसला, पाण्याचा तांब्या समोर ठेवला तर त्याला हात लावला नाही. त्याचं तोंड बघितलं आणि मला कळलं.

जावयानं कानाखाली मारली होती. डाव्या. रक्त आलं, शेजाऱ्यांनीच दवाखान्यात नेलं. पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, ह्या कानानं आता ऐकू येणार नाही.

मी न्यायला गेलो. तेव्हा गेलो.

येताना रिक्षात ती माझ्या बाजूला बसली होती, कानात कापूस. मी वाट बघत होतो, आता विचारेल, आता विचारेल. दोन्ही बाजूंनी ट्रक खेटून चालले होते. ती बाहेर बघत राहिली. कामतघर आलं. तिनं विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नारपोलीला गेलो, जिथं मला कुणी ओळखत नाही. मोबाईलच्या दुकानात एक चष्मेवाला गृहस्थ बसला होता. म्हटलं, पाहुण्याचा फोन आहे, चष्मा विसरलोय, एवढा मेसेज वाचून दाखवा. त्यानं वाचायला सुरुवात केली. मला ऐकू येईना. म्हटलं, जरा मोठ्यानं. मग त्यानं मोठ्यानं वाचला, भर दुकानात, गिऱ्हाईकं उभी असताना —

बाबा मला न्यायला या. तुम्हीच या, आईला इतक्यात सांगू नका. हे मारतात. फोनवर तुम्हाला मोठ्यानं सांगावं लागतं आणि घरातले समोर बसतात. रविवारचा मिस कॉल खरा मानू नका, तो आता हेच देतात. मी वाट बघते.

दुकानदार थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काका, कुणाचा म्हणालात फोन?"

"पाहुण्याचा," मी म्हणालो.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारा गर्वानं फसला, पुढं पस्तावला असेल. नाही. जे सांगायला बसलोय ते अजून पुढंच आहे. इथवर मला काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, अशी एक पळवाट तरी होती. आता माहीत होतं.

आमच्याकडे बैठक बसली. दोन्हीकडची जाणती माणसं, सतरंजी टाकून. वनिता आतल्या दारात उभी, कापूस तसाच. तिच्या सासऱ्यांनी सुरुवात केली — एका दिवसाची गोष्ट, रागाच्या भरात हात उठला, पोरगा पाया पडायला तयार आहे. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यानं विचारलं, "पोरीनं ह्याच्या आधी कधी काय कळवलं व्हतं का?"

वनिता दारातून बोलली. "बाबांना कळवलं होतं."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. ह्यांतल्या निम्म्यांच्या घरच्या पत्रिका मी वाचलेल्या. एकच वाक्य बोलायचं होतं. मेसेज आला, पण मला वाचता आला नाही. एवढंच. ते वाक्य बोललो असतो तर पोरगी खरी ठरत होती. मार एका दिवसाचा नाही हे फोनमध्येच लिहिलेलं होतं, आणि फोन माझ्या खिशात होता.

मी म्हणालो, "कळवलं व्हतं. वाचलं मी. म्हटलं, नवीन संसार हाय, व्हायचंच थोडं."

कुणी वाईट म्हटलं नाही. उलट माना हलल्या. एकानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बाप असावा तर असा. आणि तिचे सासरे लगेच म्हणाले, "बघा, बापाला बी तेवढं काय वाटलं न्हाय."

झालं. तिथं बैठक संपली. जावयानं पाय धरले, चहा फिरला. पोरीला परत पाठवायचं ठरलं.

मी वनिताकडे बघितलं. तिला तेव्हा काय कळलं ते मला माहीत आहे. बापानं वाचलं. सगळं वाचलं. आणि आला नाही. हेच तिला आजही माहीत आहे. तिच्या आईलाही हेच माहीत आहे — बैठकीनंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नव्हती, आणि तेही मी सोसलं. दगडाच्या काळजाचा बाप म्हणवून घ्यायला मी तयार होतो. इंग्रजी अक्षरं येत नाहीत म्हणवून घ्यायला नव्हतो. माझ्या आत हा हिशेब इतक्या झटकन झाला की मला विचारही करावा लागला नाही.

नंतर कितीतरी दिवस मी मोबाईलला शिव्या देत फिरलो. ह्यानं माणसं तुटली, ह्यानं निरोप मेले. टपरीवर ऐकणारे माना डोलवायचे. मोबाईलनं काय केलं होतं? तिनं लिहिलेलं त्यानं जसंच्या तसं माझ्या खिशात आणून ठेवलं होतं.

ती कशेळीलाच आहे. दिवाळीला मी न्यायला जातो, ती येते, चार दिवस राहते. फोन आला की उजव्या कानाला धरते. तिच्या डाव्या बाजूला बसून मी काही बोललो तर तिला ऐकू जात नाही, आणि ती हळू बोलली तर मला. आम्ही एकमेकांशी ओरडून बोलतो. जेवण झालं का, पाणी आलं का. पुन्हा तिनं मला मेसेज पाठवला नाही.

कारखाना सोडून बरीच वर्षं झाली. पेपर अजून वाचतो. पत्रिका अजून येतात वाचायला.

आणि दर रविवारी मिस कॉल येतो. एकदा वाजतो, बंद होतो. वर दोन फांद्या. तो कुणाच्या हातून येतो, मला माहीत नाही. वनिताची आई आतून विचारते, "वनीचा ना? बरं हाय ना?"

मी म्हणतो, "बरं हाय."