प्लासिदोने दिलेला मथळा

...तर ती बशी परत आली ती रिकामी. काल इथवर आलो होतो ना आपण? धुऊनपुसून लख्ख, वर रुमालाची घडी, आणि आत काही नाही. आमच्या गल्लीत ईस्टरच्या दिवसांत बशी कधी रिकामी फिरत नाही. शेजारच्याने चिपा, म्हणजे आमचा चीज घातलेला पाव, दिला की तुम्ही घरात असेल ते घालून बशी पाठवायची, त्याने पुन्हा काहीतरी घालायचं. आणि आलेल्या चिप्याला नावं ठेवायची नाहीत, कसाही असो. प्लासिदोने शेजारच्या अपोलोनियाताईंकडे त्यांच्या चिप्याच्या बशीत पेरूचा मुरंबा पाठवला होता. बशी तेवढी परत आली. बिचारा उंबऱ्यावरच मटकन बसला.

पण प्लासिदो कोण ते काल राहूनच गेलं. मी सांगायला लागलो की उड्या मारत पुढे जातो.

प्लासिदो आमचा रेडिओवाला. अख्ख्या गावाचे रेडिओ त्याने दुरुस्त केले. मग लोकांनी रेडिओ दुरुस्त करणंच सोडलं. बायको गेली, मुलगी मिर्ना कामाला ब्युनोस आयर्सला गेली. तिने बापाला ब्लॉग काढून दिला, म्हणजे माणूस रिकामा बसायला नको. प्लासिदो गावाबद्दल लिहायचा, आणि काय लिहायचा! वाचणारी एकटी मिर्ना, आणि ऐकणारा मी. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण ऐकायला कुठे शाळा लागते!

एकदा त्याने लेखाला मथळा दिला, ‘बुधवारचा धूर’. मिर्ना फोनवर म्हणाली, “पप्पा, हे गूगलमध्ये शोधणार कोण? बंबवाला?”

“मग काय देऊ?”

“लोक जे विचारतात तेच मथळ्यात घाला. शोधायच्या पट्टीत दोन शब्द लिहा, पुढचे तीच सुचवते. जे सगळ्यात वर येईल तो तुमचा मथळा.”

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. प्लासिदोने ‘चिपा’ लिहिलं, पुढे ‘का’ लिहिलं, आणि पट्टीने सगळ्यात वर सुचवलं: चिपा दगडासारखा का होतो? त्याने मांडीवर थाप मारली. अख्खं पराग्वे हेच विचारत होतं की!

आता लेखाला फोटो हवा. समोर बशीत अपोलोनियाताईंनी बुधवारी दिलेला चिपा होता. गल्लीतली सगळ्यात मोठी भट्टी त्यांची. बुधवारी सगळ्या बायका आपापले ट्रे तिथेच भाजायला आणतात. ताई चिप्याचं कबुतर करतात, डोळ्यांच्या जागी घेवड्याचे दोन काळे दाणे. ताईंची नजर अधू झाल्यापासून कबुतराचा एक डोळा जरा वर जातो. त्या कबुतराखाली नाव लिहायची गरज नाही, गावातलं शेंबडं पोर सांगेल कोणाचा हात आहे ते.

खाली लेख मात्र असा सुरेख होता! ताई भट्टीतले निखारे हिरव्या फांद्यांनी कशा झाडून काढतात, केळीच्या पानावर चिपा कसा मांडतात, हात आत घालून आच कशी जोखतात. शेवटी लिहिलं होतं, शुक्रवारी गावात चूल पेटत नाही, बुधवारचा चिपा तोवर दगड होतो, आणि आम्ही तो दुधात बुडवून आनंदाने खातो. पण शेवटपर्यंत वाचतो कोण? वर मथळा, ‘चिपा दगडासारखा का होतो? तुम्हीही हीच चूक करता का?’ आणि त्याखाली ते तिरळं कबुतर.

शनिवारी सकाळी गार तेरेरे चहाचा शिंगाचा पेला हातात घेऊन तो माझ्याकडे पळतच आला. “दादा, अख्खी राजधानी, आसुन्सिओन वाचतंय आपल्याला! रात्रभर फोन नुसता माशीसारखा गुणगुणतोय!”

आणि लोकांनी खाली लिहिलं काय होतं? ‘या पक्ष्याने खिडकी फुटेल.’ ‘गाडीच्या चाकाखाली अडवायला एक पाठवा.’ ‘आजीबाईंना दात नसावेत, नाहीतर कळलं असतं.’

हे सगळं रविवारी दुकानात कुणीतरी मोठ्याने वाचलं. ताई साखर घ्यायला उभ्या होत्या. दुकान हसलं. ताई एवढंच म्हणाल्या, “शुक्रवारचा फोटो आहे तो.” आणि साखर न घेताच निघून गेल्या.

सोमवारी ती रिकामी बशी आली.

प्लासिदोने धावत जाऊन मथळा बदलला, ‘अपोलोनियाताईंचा लुसलुशीत चिपा’. पण शोधणाऱ्यांना जुनाच दिसत राहिला. मग त्याने लेखच पुसला. तोवर कबुतर दुसऱ्यांच्या मथळ्यांखाली जाऊन बसलं होतं, आणि ते मथळे तर आणखी वाईट.

तेव्हापासून हा माणूस खाली मान घालून चालायला लागला. बस गाठायची तर ताईंच्या दारावरून दोन पावलं, पण हा चर्चला वळसा घालून जायचा. प्रार्थनेला खांबामागे बसायचा. मिर्नाने विचारलं, लिहीत का नाही, तर म्हणाला बोटं दुखतात. मी एकदा म्हटलं, “अरे, चोरी केल्यासारखा काय फिरतोस?”

“चोरी केली असती तर परत तरी करता आली असती, दादा.”

वर्ष फिरलं, पुन्हा चिप्याचा बुधवार आला. बायका ट्रे झाकून ताईंच्या कुंपणाशी जमल्या, पण भट्टीला धूर नाही. ताई अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या. “कंबर धरलीय,” म्हणाल्या. “यंदा नाही पेटवत. पुढेही नाही.”

कंबर हे निमित्त, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायका वळून प्लासिदोकडे बघायला लागल्या. तो माझ्याआड लपू बघत होता. मी म्हटलं, “माझ्यामागे काय आहे? जा पुढे!” आणि एक ढोसणी दिली.

तो गेला तो घरी. मला वाटलं, संपलं. पण लाकडांचा भारा उचलून परत आला आणि ताईंसमोर उभा राहिला. वर बघवत नव्हतं.

“ओली आहेत,” ताई म्हणाल्या.

“वाळकी आणतो, ताई.”

“आणि पीठ? मी हात लावायची नाही. माझ्या कबुतरावर जग हसून झालंय.”

“मी मळतो.”

कुंपणावरून कोणीतरी ओरडलं, “ताई, बघा हं, आत स्क्रू निघतील!”

ताई हसल्या नाहीत, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. प्लासिदोने बाह्या वर केल्या. मांदिओकाचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं पीठ, चरबी, अंडी, चीज, बडीशेप, सगळं कोपरापर्यंत चिकटलं. एका बाईने भट्टी पेटवली, ताई खुर्चीतून सांगत राहिल्या, “दूध बेताने! अरे, रेडिओ उघडतोयस का? दाब!” शेवटी त्याने एक कबुतर केलं. जुना बूट दिसत होता तो, नुसता घेवड्याचे डोळे लावलेला.

ताईंनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं.

“आणि यंदा मथळा काय देणार?” ताईंनी विचारलं.

प्लासिदोने वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. कान लालभडक. म्हणाला, “‘प्लासिदोचा चिपा दगडासारखा का झाला?’ असाच देतो, ताई. फोटो शुक्रवारी तुम्ही काढा, आणि माझं नाव नीट वाचता येतंय ना तेवढं बघा.”