कचऱ्याचा गळीत हंगाम

जगात कचरा नावाची वस्तूच नाही, असं शपथेवर सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि आपल्या सोनईच्या बाजारपेठेतला सगळा कचरा तोच माणूस गोळा करतो. हे तुमच्या आजोबांच्या मावसबहिणीचे यजमान. तिकडे लांब बसून तुम्हां दोघांना हे नातं उलगडायचं नाही, मलाही दर वेळी बोटांवर मोजावं लागतं, तेव्हा तुम्ही त्यांना नुसतं दाजी म्हणा. तुमचे आजोबा त्यांना दाजी म्हणत, ते ऐकून चहावाला म्हणू लागला, मग सलूनवाला, मग सगळं गाव. अख्ख्या गावाची बहीण एकाच माणसाला कशी दिली, हा दाजींच्या बाबतीतला माझा पहिला गोंधळ. बाकीचे क्रमाने सांगते.

दाजींची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, नाहीतर पारावर. दाजी पहिल्याच दिवशी बाजारात गेले आणि रसवंतीच्या मागे पडलेल्या चिपाडाच्या ढिगासमोर अर्धा तास उभे राहिले. रसवंतीवाल्याला वाटलं, यांना चक्कर येतेय. त्याने ग्लासभर रस आणून दिला. तो पिऊन दाजी म्हणाले, "आमच्या कारखान्यात मी आसं चिपाड उकिरड्यावर टाकलं असतं ना, तर सायबानं मलाच बॉयलरमधी टाकलं असतं." कारखान्यात उसाचं काहीच फुकट जात नाही. चिपाडावर बॉयलर पेटतो, मळी विकली जाते, गाळ शेतात खत म्हणून पसरतात. मग बाजारात एवढं फुकट का जावं? त्या दिवसापासून दाजींनी आपली बाजारपेठ हा एक साखर कारखाना आहे असं ठरवलं, आणि ते कोणाला नीट न सांगताच चालवायलाही घेतला.

दुकानदार झाले सभासद. ज्या दिवशी ज्याचं पोतं उचलायचं, त्याला आदल्या दिवशी तोडणीची चिठ्ठी जाते, उसाला जाते तशी. एकदा मिठाईवाला घाईने चिठ्ठीच्या आधीच पोतं घेऊन आला, तर दाजींनी ते परत पाठवलं. "माल कच्चा हाय. मंगळवारी आणा." कचरा कच्चा कसा असेल, असं मी विचारलं. "वहिनी, ऊस येळेच्या आधी तोडला तर साखर उतरत न्हाई," ते म्हणाले. हे उत्तरासारखं वाटलं म्हणून मी मान हलवली. घरी येऊन पुष्कळ विचार केला. अजून चालू आहे.

पोतं आलं की दाजी ते ताडपत्रीवर ओततात, चष्मा कपाळावर चढवतात आणि 'उतारा' काढतात, म्हणजे पोत्यातलं किती कामाचं निघालं ते. मग तो निकाल दुकानात जाऊन भर गर्दीत सांगतात. मिसळवाल्याला एकदा म्हणाले, "तुमचा उतारा घसरला. कांद्याच्या सालीत प्लास्टिकचे चमचे निघाले." तो बिचारा, स्वतःचा मुलगा दहावीला नापास झाल्यासारखा, ओशाळला. "दाजी, गिऱ्हाइकासमोर तरी नका ना बोलू!" तर दाजी म्हणाले, "मग कुठं बोलू? घरी तर तुमी बायकोचंबी ऐकत न्हाई." गिऱ्हाईक हसलं, मिसळवाला हसला, आणि चमचे दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. जे खरोखरच कोणाच्या उपयोगाचं नाही, ती चुरगळलेली पाकिटं आणि पुड्या, ते सारं एका काळ्या पोत्यात वर्षभर साठतं. त्याचं काय करतात ठाऊक आहे? दिवाळीत ज्याचं त्याला परत नेऊन देतात, चिवड्याच्या डब्यासकट. "कारखाना मोडका ऊस काट्यावरनं माघारी लावतो," हे त्यावरचं स्पष्टीकरण. त्यामुळे आपल्या बाजारात दिवाळीला दारात दाजी दिसले की माणसं आनंदावं की लपावं अशा पेचात पडतात.

आता माझ्या गोंधळाचं मूळ सांगते. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' अशी चिठ्ठी असते, हे तुम्हांला माहीतच आहे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, वह्यांना समास आखून घेतले. मी दाजींना सरळ प्रश्न विचारला, की यात ओला कचरा कोणता आणि सुका कोणता? दाजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वहिनी, वल्लं-सुकं न्हाई बघायचं. कुणाला पायजे, तेवढंच बघायचं." आणि खरंच, त्यांच्या शेडमधली पोती वस्तूंवरून लावलेली नव्हतीच, ती लावलेली होती माणसांवरून. अंड्यांची टरफलं आणि चहाचा चोथा एकाच पोत्यात, कारण दोन्ही रोपवाटिकेच्या बाईंना गुलाबांसाठी हवं. सलूनमधले केस वेगळे, कारण ते शिवेवरचा एक शेतकरी फडक्यात बांधून मक्याच्या कडेने टांगतो, म्हणजे माणसाच्या वासाने रानडुकरं आत येत नाहीत. टेलरकडचं सुती कातरण गॅरेजच्या मिस्त्रीला हात पुसायला, पण रेशमी कातरण गोधड्या शिवणाऱ्या आजींना. कलिंगडाच्या साली शेळ्यांना, चिपाड गुऱ्हाळाला. कुठल्याही पोत्यावर अक्षर नाही. फक्त सुतळीची गाठ, प्रत्येकाची निराळी.

त्या गाठी मारते मंदा. मंदा पाथर्डीकडची. दर वर्षी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मुकादमाच्या भाषेत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो, माणसं म्हणून कोणी मोजत नाही. सहा महिने फडात, पाचटाच्या खोपीत, लेक बरोबर, शाळा मागे. कारखान्यापासूनच्या ओळखीने दाजींनी तिला विचारलं, आणि गेले तीन हंगाम मंदा शेडमध्ये पोती निवडते, नवरा टेम्पो चालवतो आणि लेक आपल्या शाळेत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. मोळी बांधणारे हात, गाठी तिला कोणी शिकवाव्या लागल्या नाहीत.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला बाहेरगावचा एक ठेकेदार आला. त्याचं म्हणणं सोपं होतं. सगळं एकाच डब्यात टाका, आमची मोठी गाडी रोज येईल, चिठ्ठी नाही, उतारा नाही, दिवाळीला परत काही नाही. दुकानदारांना ते पटायला लागलं. मंगल कार्यालयात बैठक ठरली. दुकानं तिकडे गेली तर दाजींचा कारखाना बंद, आणि मंदाचा मुकादम तर येऊन विचारूनही गेला होता. "काय करू बाई?" ती मला म्हणाली. "बैठकीच्या दुसऱ्या दिशी सांगते म्हनले त्याला."

दाजी माझ्याकडे आले. "वहिनी, तुमी शिकलेल्या. आपला कारखाना कागदावर आणा, बैठकीत दावू." मी तीन दुपारी बसून तक्ता केला. चौकोन, बाण, तीन रंगांची शाई. दाजी शेजारी बसून सांगत होते, पण प्रत्येक बाण दुसऱ्या बाणाला अडवत होता. शेवटी माझ्या लक्षात आलं (म्हणजे असं मला वाटलं), की तक्ता चुकलेला नाही, शेडच चुकलेली आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी दाजी गुडघा दाखवायला नगरला गेले होते. मी पदर खोचला आणि शेडमध्ये शिरले.

"बाई, आसं न्हाई ठिवीत दाजी," मंदा म्हणाली.

"तू बघ गं. उद्या लोकांना एका नजरेत समजलं पाहिजे."

"बाई, गाठी नका सोडू."

मी सगळ्या गाठी सोडल्या. टरफलं एकीकडे, चोथा दुसरीकडे, कातरण सगळं एकत्र. पांढऱ्या दोऱ्याच्या एकसारख्या गाठी मारल्या आणि स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या लावल्या: 'ओला', 'सुका', 'कापड', 'इतर'. केस कशात घालावेत हे सुचेना, ते 'इतर'मध्ये घातले. शेड इतकी देखणी दिसत होती की मी फोटो काढून तुमच्या आईला पाठवला. तिने अंगठा पाठवला. मंदा मात्र पोत्यांकडे बघत कोपऱ्यात उभी होती. मी तिला दमलेली समजले.

सकाळी तिच्या नवऱ्याने अंदाजाने माल वाटला. त्याला वाचता येतं, पण 'इतर' म्हणजे कोण, हे कुठे लिहिलं होतं? दुपारी बैठकीत मी तक्ता भिंतीला लावला आणि समजावायला उभी राहिले. तिसऱ्या बाणापर्यंत ठीक गेलं. चौथ्या बाणावर मी स्वतःच हरवले. एवढी वर्षं वर्गात उभी राहिले, पण पुढचं वाक्य न सुचण्याची वेळ ती पहिलीच. ठेकेदाराचा माणूस सौजन्याने म्हणाला, "मॅडम, म्हणूनच म्हणतो, एकच डबा." दुकानदारांनी माना डोलावल्या. दाजी पुढच्या खुर्चीत गुडघा धरून बसले होते. मागे दाराशी मंदा उभी होती. तिच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

तेवढ्यात दारात रोपवाटिकेच्या बाई, हातात पोतं. "ह्या केसांचं मी काय करू? गुलाबाला वेणी घालू? माझा चोथा कुठाय?" त्यांच्या मागे गॅरेजचा मिस्त्री अंड्यांची टरफलं घेऊन. "दाजी, ह्यानं हात पुसू व्हय?" त्यामागे शेळ्यावाला. त्याच्या शेळ्यांनी रेशमी कातरण चाखून पाहिलं होतं. आणि सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, गोधडीवाल्या आजी: "माझ्या चिंध्या कुनी नेल्या?" जो तो दाजींवर ओरडत होता, आणि दाजी एकेका पोत्यात हात घालून अगदी शांतपणे मला विचारत होते, "वहिनी, 'इतर' हे कुणाचं नाव?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी कबूल केलं. सगळ्यांसमोर. मग मिसळवाला उठला. त्याला मी कधी फार हुशार समजले नव्हते, हीही माझीच चूक. तो रोपवाटिकेच्या बाईंना म्हणाला, "म्हणजे आमच्या दुकानांतल्या चोथ्यासाठी तुम्ही काम टाकून भांडायला आलात?"

"मग? गुलाब काय तुमची मिसळ खाऊन फुलत्यात?"

तो ठेकेदाराच्या माणसाकडे वळला. "तुमच्या डब्यात टाकलं, तर भांडायला कोण येईल?"

त्या माणसाने प्रामाणिकपणे विचार केला. "कोणीच नाही," तो म्हणाला.

"मग आमचं हेच बरं," मिसळवाला म्हणाला आणि खाली बसला. टेलर म्हणाला, निदान यंदाचा हंगाम तरी. हळूहळू हात वर होत गेले. मी तीन दुपारी खपून जे सिद्ध करू शकले नाही, ते माझ्या चुकीने दहा मिनिटांत कसं सिद्ध झालं, हे मला नीटसं उमगलेलं नाही. मंदाने मात्र तिथेच पहिलं पोतं पुढे ओढून पांढरा दोरा तोडला आणि गाठ मारायला घेतली.

कारखान्यात हंगामाला पहिल्या मोळीची पूजा होते, म्हणून दाजी दर वर्षी पहिल्या पोत्याची करतात. यंदा पूजेच्या दिवशी मंदा घरून आपला कोयता घेऊन आली. "दाजी, ह्यो घ्या. घरात नको आता." दाजींनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कुणाला पायजे?" कोणालाच नको होता. नियमाने तो काळ्या पोत्यात जायला हवा होता, आणि काळं पोतं दिवाळीत ज्याचं त्याला परत जातं. दाजींनी कोयता हातात तोलला, उलटा धरला, नारळावर एक घाव घातला आणि पाणी पहिल्या पोत्यावर शिंपडलं. मग तो आढ्याजवळच्या खिळ्याला अडकवला. "नारळाला लागंल दर वर्साला," एवढंच म्हणाले. माझा तक्ताही तिथेच लटकतो आहे, मात्र उलटा. कोऱ्या बाजूवर मंदाची लेक सतराचा पाढा लिहिते. सोळापर्यंत येतो म्हणे.

दाजींचा गुडघा आता वाकत नाही. ते खुर्चीतून उतारा सांगतात आणि मंदा दुकानात जाऊन बोलते, त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात. परवा दाजी माझ्याकडे आले ते पोतं न्यायला नाही, पायरीवर पाय लांब करून बसायला. माझं पोतं हाताने चाचपून म्हणाले, "वहिनी, यंदा तुमच्याकडनं गाळपाला काई आलंच न्हाई." कचरा कमी करते म्हणून शाबासकी मिळेल असं मला वाटलं. ते पोत्याकडेच बघत राहिले. "चोथा एका कपाचा. साल एका केळ्याची." मग उठताना म्हणाले, तुम्ही दोघं मागच्या मे महिन्यात आलात तेव्हा अंगणात टाकलेल्या आंब्याच्या कोयी त्यांनी तेलाच्या डब्यांत लावल्या होत्या, त्यांतल्या दोन उगवल्या आहेत. मी जाऊन पाहून आले. तांबूस पानं आहेत, वीतभर. डब्यांवर माझ्या सवयीने मी चिठ्ठ्या लावायला निघाले, तर दोन्हींना सुतळी बांधलेली होती, दोन निराळ्या गाठींची. त्या कोणाच्या, हे मंदा सांगत नाही, दाजी सांगत नाहीत. पण एवढ्या गाठी मलाही आता वाचता येतात.