वजन तेवढेच, माप निराळे

सावळेराम वस्ताद माझ्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढले, ते सदऱ्या-पायजम्याचे माप द्यायला. शेवगावात दुकान घालून मला तेव्हा नऊ-दहा वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात एक गोष्ट मला पक्की कळली होती. टेप छातीला लागला की माणूस छाती फुगवतो आणि कमरेला लागला की पोट आत ओढतो. पाटलांपासून पोस्टमनपर्यंत यातून कोणी सुटलेले नाही. म्हणून मी छातीत अर्धा इंच मनातल्या मनात कमी करतो, कमरेत एक इंच वाढवतो आणि मग वहीत लिहितो. गिऱ्हाईकही खूश राहते आणि सदराही अंगावर बसतो.

वस्ताद मात्र टेपाखाली जसेच्या तसे उभे राहिले. मी सवयीने अर्धा इंच कमी लिहिला. त्यांनी वहीत डोकावून पाहिले.

"टेलर, तोंडानं चाळीस म्हणालात आन् लिवलं साडेएकोणचाळीस. हाय तेवढंच लिवा की."

मी ओशाळून आकडा सुधारला आणि पायजम्याची उंची घ्यायला खाली वाकलो. वरून आवाज आला, "वाकलात की तुमचा दम वाजतोय. कवापासनं?"

शिंप्याची मान खाली असते आणि कान वर. निम्म्या गावाची हालहवाल मला मशीनच्या खडखडाटाआडून कळते आणि सुई बोथट झालेली मला आवाजावरून समजते. पण माझ्याच छातीचा आवाज मला दुसऱ्याने ऐकवावा लागला. आपल्यापेक्षा तिखट कानाचा माणूस भेटला, हे मी त्याच दिवशी ओळखले.

वस्तादांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या नावाजलेल्या पैलवानांनी लिहिलेलेच असेल. त्या पंगतीत माझ्यासारख्या कधीही कुस्ती न खेळलेल्या माणसाला पाट मिळाला, याचे मला अप्रूप आहे. वस्तादांनी माझ्या हातून कोणालाही चीत करवले नाही. त्यांनी जे केले ते सांगायचे, तर आधी माझ्या पोटाबद्दल आणि मग माझ्या आईबद्दल बोलावे लागेल.

नगरच्या एका दुकानात काजे करता करता मी शिवण शिकलो. पुढे स्वतःचे मशीन घेतले, दुकान घातले. दिवसभर बैठक, समोर नामदेवचे हॉटेल, तिथून तासातासाला चहा आणि चहाबरोबर भजी. चाळिशीला पोचेपर्यंत माझी कंबर एकेचाळीस इंच झाली आणि छाती सदतीस. गिऱ्हाइकाचे असे माप आले असते तर मी दोनदा टेप लावून पाहिला असता. पाठ इतकी धरायची की पायडल मारताना डोळ्यांत पाणी यावे. डॉक्टरांनी साफ सांगितले, "पोट कमी करा, नाहीतर मशीन सोडा."

मशीन सोडून मी करणार काय? आणि पोट कमी करणार कसे? घरात आई होती.

माझे वडील क्षयाने गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षात आईने त्यांच्या कमरेच्या करदोट्याची गाठ दोनदा आवळून बांधली होती. मी तेव्हा लहान होतो, पण तो काळा दोरा मला अजून दिसतो. तेव्हापासून आईच्या लेखी माणसाचे वजन उतरणे म्हणजे एकच गोष्ट. दर महिन्याला एका बाजाराच्या दिवशी ती मला धान्याच्या आडतीवर न्यायची, टांगलेल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात बसवायची आणि मापाड्याकडून वजन मोठ्याने वदवून घ्यायची. दोन मुलांचा बाप पारड्यात मांडी घालून बसलेला बघून नामदेव समोरून ओरडायचा, "काय टेलर, आज काय भाव?" पण अठ्ठ्याहत्तर किलो हा आकडा ऐकला की आईचा चेहरा उजळायचा. त्या चेहऱ्यासाठी मी पारड्यात बसत होतो.

हे सगळे मी वस्तादांना सांगितले. ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग वजन ऱ्हाऊ द्या. आपन त्येची जागा बदलू."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत गेलो. वस्ताद कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादमी करत आणि पहाट नि संध्याकाळ तालमीला देत. त्यांची शिकवण्याची तऱ्हा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ते मातीच्या हौद्याकडे पाठ करून बसतात आणि ऐकतात. कोणाचा जोर अर्धाच झाला, कोणाच्या बैठकीत गुडघा कुरकुरला, कोण मोजताना दोन आकडे खाऊन गेला, सारे त्यांना पाठीमागून कळते. माझ्या पहिल्या बैठकीला त्यांनी मागे न बघता विचारले, "टेलर, पायडल मारताय का बैठक?" सगळी तालीम हसली आणि मीही हसलो. त्या हसण्यानेच माझी लाज गेली.

जेवण कमी करू दिले नाही. एकादशीचा उपास सोडायला लावला. "उपासानं उतरतं ते वजन. आपल्याला उतरवायचं न्हाई, सरकवायचंय." चहा-भजी बंद, भाकरी तेवढीच, सकाळी भिजवलेले हरभरे आणि रात्री दूध. बैठका, हलके मुद्गल आणि जोर, पण श्वास वाजायला लागला की थांबायचे. घाई करणाऱ्यावर ते जितके चिडतात तितके आळशावरही चिडत नाहीत.

आठच दिवसांत आईला सुगावा लागला. बायका तालमीत पाऊल ठेवत नाहीत, म्हणून ती बाहेर लिंबाखाली उभी राहिली आणि तिथूनच तिने आवाज दिला, "वस्ताद, माझ्या पोराला वाळवू नका. एकाला वाळताना बघितलंय मी."

वस्ताद अंगाला माती तशीच ठेवून बाहेर आले. "आक्का, तेचं वजन एक किलोनं जरी उतरलं, तर ह्या तालमीला कुलूप घालीन आन् किल्ली तुमच्या हाती दीन. मग तर झालं?"

आईने ते शब्द गाठीशी बांधले. मला मात्र घाम फुटला. माझ्या पोटावर आता माझे मशीनच नव्हे, गावची तालीमही टांगली गेली होती.

त्याच साली पावसाने पाठ फिरवली. बाजारात धान्य येईना, तसा आडतीवरचा मोठा तराजूही काढून ठेवला गेला. तालमीतली बरीच पोरे दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या दिवसांतले वस्ताद मी विसरणार नाही. त्यांनी जड मुद्गल खोलीत बंद केले आणि सांगितले, "दिसभर घन मारलाय त्येचे जोर झाले. हितं येऊन फकस्त अंग मोकळं करायचं. पोटात हाय तेवढाच घाम गाळायचा." स्वतः एकेकाच्या पाठीला तेल लावून रगडत. ज्यांच्या अंगाला त्यांचा हात लागला त्यांत कोण कुठल्या आळीचा, हे त्यांनी कधी विचारले नाही. त्यांच्या घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी होती, त्यातली चतकोर माझ्यासाठी फडक्यात बांधून ते आणत. "बैठं काम म्हंजे काम न्हाई असं समजू नका. तुमचं वजन माझ्या जिवावर हाय, टेलर," असे म्हणत आणि डोळे मिचकावत.

तीन-चार महिने असे गेले. पाठीची कळ थांबली. वाकलो तरी दम वाजेना. एका सकाळी आंघोळीहून येताना माझा करदोटा कमरेवरून घसरला आणि थेट ढुंगणावर जाऊन बसला. मला मौज वाटली. आई दारात उभी होती. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"बाबू, तालीम सोड."

"अगं, मला बरं वाटतंय."

"त्येन्लाबी बरंच वाटत हुतं."

त्या दिवसापासून तिने रात्रीचे जेवण सोडले. मी समजावले, बायकोने समजावले, उपयोग झाला नाही. वजन करून दाखवावे तर तराजू नव्हता. तालीम सोडली असती तर पाठ पुन्हा धरली असती, न सोडावी तर आई उपाशी. शेवटी वस्तादांच्या कानावर गेले. त्यांनी आडतवाल्याला गाठले, येत्या बाजाराच्या दिवशी तासाभरासाठी तराजू टांगायला राजी केले आणि आईला निरोप धाडला.

आता माझी करामत ऐका. मला स्वतःलाच खात्री नव्हती. कंबर चार इंच गेली म्हणजे वजन गेलेच असणार, असा माझा हिशेब. वजन गेले तर आई खचणार आणि तालमीला कुलूप लागणार. मी शिंपी माणूस, मला शिंप्यासारखाच उपाय सुचला. जाड मांजरपाटाची एक बंडी शिवली, तिला आतून दोन चोरखिसे लावले. एकात कापडाची मोठी कात्री, दुसऱ्यात जुन्या इस्त्रीचा लोखंडी तळ. वरून सदरा चढवला. शिवण इतकी बेमालूम की मलाच माझे कौतुक वाटले.

आडतीवर गर्दी झाली. धान्य नव्हते, पण माणसे हवी तेवढी होती. वस्तादांनी येताना तालमीचे पितळी कुलूप आणले होते. ते त्यांनी किल्लीसह आईसमोर पोत्यावर ठेवले. मापाड्याने एका पारड्यात अठ्ठ्याहत्तर किलोची वजने मांडली. मी दुसऱ्यात बसलो आणि माझे पारडे धपकन खाली गेले.

"भरला की!" नामदेव ओरडला. आईने पदर डोळ्यांना लावला.

वस्ताद नेहमीसारखे पाठ करून उभे होते. ते हळूच वळले आणि जवळ आले. "टेलर, बसताना तुमच्या अंगात खण्ण झालं. तालमीच्या अंगात लोखंड वाजत न्हाई."

मी खालच्या आवाजात म्हणालो, "वस्ताद, राहू द्या ना. तालीम वाचेल."

"खोट्या वजनावर वाचलेली तालीम काय चाटायची हाय? उतरा. लंगोटावर या."

भर बाजारात मी सदरा काढला, बंडी काढली. कात्री बघून जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. पण आई हसली नाही. लंगोटावर मी पुन्हा पारड्यात बसलो. पारडे वर निघाले. वर, आणखी वर. आईचा हात त्या कुलपाकडे गेला. साखळीची करकर तेवढी ऐकू येत होती. मग पारडे डुलले, थोडे खाली आले आणि थांबले. मापाड्याने काट्याला डोळा लावला आणि आजवर धान्यासाठीही काढला नसेल असा आवाज काढला, "अठ्ठ्याहत्तर! बरोब्बर!"

आईला पटेना. "मग करदोटा कसा ढिला झाला?"

वस्तादांनी माझीच कात्री उचलली, करदोट्याचा लोंबणारा जास्तीचा तुकडा कापला आणि आईच्या हातात दिला. "आक्का, ह्यो तेच्या दंडाला बांधा." आदल्या वर्षी आईने त्याच दंडावर ताईत बांधला होता, तेव्हा दोऱ्याची गाठ कुठे आली होती, ते तिला ठाऊक होते. तिने ताइताचा घट्ट झालेला दोरा सोडून त्याला हा तुकडा जोडला, तेव्हा कुठे तो दंडाभोवती नीट बसला. जुना दोरा किती अपुरा पडत होता, ते तिने बोटाने चाचपून पाहिले.

"कमरंचं हितं आलंय, आक्का. घरातच हाय सगळं. फकस्त जागा बदललीया."

आईने माझा दंड दाबून पाहिला, मग खांदा, मग पाठ, जशी ती बाजारात भोपळा दाबून बघते. आणि हसली. वडील गेल्यापासून मी तिला एवढे मोकळे हसताना पाहिले नव्हते. कुलूप उचलून तिने वस्तादांच्या हातात ठेवले. "घेऊन जा ह्ये. तालमीला न्हाई लागायचं." त्या रात्री ती दोन भाकरी जेवली.

बंडीबद्दल वस्तादांनी मला एवढीच शिक्षा केली, की तालमीतल्या प्रत्येकाला एकेक लंगोट शिवून द्यायचा. "चोरखिसा न लावता," असेही वर म्हणाले. मी आनंदाने शिवले. आज आई दर महिन्याला माझे वजन करत नाही. दिवाळीला एकदा दंड दाबून बघते, आणि नवे कोणी कापड शिवायला आले की त्या गिऱ्हाइकालाही सांगते, "माप देताना पोट वढू नका. हाय तेवढंच सांगा." माझ्या तोंडून तिने उचललेले हे वाक्य मुळात कोणाचे, ते तिला ठाऊक नाही. मला आहे.

साठीच्या समारंभासाठी वस्तादांचा सदरा शिवण्याचा मान समितीने मला दिला. परवा ते माप द्यायला आले. मी जुनी वही काढली. छाती चाळीस, पहिल्या दिवशी होती तेवढीच. टेपाखाली ते तसेच उभे होते, श्वास जागच्या जागी. मी जमिनीपर्यंत वाकून पायजम्याची उंची घेतली. वर पाहिले तर ते कान देऊन ऐकत होते. "वाजत न्हाई," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो माझ्या शिवणीवर खूश झालेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही.

त्यांच्या नावाखाली मी वहीत पुढची चाळीस पाने कोरी सोडली आहेत. दरवर्षी एक सदरा, दरवर्षी एक पान. प्रत्येक पानावर आजचाच आकडा पडावा, तो लिहून लिहून माझ्या पेन्सिली झिजाव्यात, आणि त्या साऱ्या वर्षांत आमच्या तालमीत वस्तादांनी असेच पाठ करून बसावे आणि आमचा श्वास ऐकत राहावे, एवढेच माझे मागणे आहे.