सोजरबाईंच्या खाणीतलं गवत

गवत उपटा, असं मीच सांगितलं; तेही भोंग्यावरून. २००९चा जुलै, मंदीचं वर्ष. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीने हाताला काम नसलेल्या चाळीस इंजिनिअरांना एका शनिवारी वृक्षारोपणाला धाडलं. मी कळंबच्या शाळेतला, म्हणजे ‘गावाकडचा माणूस’, म्हणून पुढारीपण माझ्या गळ्यात. जागा शेजारच्या गावातली, मुरमाची जुनी खाण. फोटोत तण दिसायला नको म्हणून मी उतार साफ करून घेतला. कोड लिहिताना कधी न दिसलेली शिस्त पोरांनी त्या दिवशी दाखवली. एक काडी राहिली नाही.

तेवढ्यात डोक्यावर शेणाची पाटी घेऊन सोजरबाई आल्या. जमीन त्यांची. परवानगी मात्र त्यांच्या मुलाने, रणजितने, परस्पर देऊन टाकलेली.

“लगीन कुनाचं हाय?” त्यांनी विचारलं.

“लग्न?”

“येवढं झाडून-झटकून ठेवलंय, म्हनून इचारलं.”

“तण काढलं, मावशी.”

“त्ये मारवेल हाय, म्हशीचं गवत. तीन वर्सं लावत हुते मी त्ये तन.”

चाळीस जण एकाएकी आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

सोजरबाई लग्न होऊन आल्या तेव्हा या उतारावर वरई-नाचणी व्हायची. पुढे कंपन्यांचे रस्ते आले, रस्त्यांना मुरूम लागला. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, तो विकायला कचरत होते. “सही त्यांची, पन हो म्या म्हनले,” हे त्या कुणी न विचारता सांगतात. पोकलेनने उतार खाल्ला, घरात चकचकीत फरशी आली, आणि मागे उरला कुसळही न उगवणारा लाल खड्डा. मालक गेल्यावर त्यांनी ओढ्यातला गाळ पाटीने वाहिला, शेण मिसळलं, वर गवताचे ठोंब लावले. लोक हसले. रणजित तर अजून हसत होता.

रणजित आयटीवाल्यांना ने-आण करणारी गाडी चालवायचा. खड्डा भरायला पुण्यातल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा घ्यायचा, असा त्याचा बेत. आईला त्याने मुदत दिली होती: दिवाळीपर्यंत माती टिकली तेवढी जागा तुझी, बाकीची ट्रकांना.

“गाडीचा हप्ता काय गवत भरनार हाय?”

“म्हशीला काय तुजा हप्ता घालू?”

रविवारी पाऊस झोडपून गेला. मुळं नसलेला गाळ खालच्या अर्ध्या उतारावरून सरळ तळाला जाऊन बसला. संध्याकाळी मी बघायला गेलो, तर रणजित कड्यावर उभा राहून मला म्हणाला, “थँक्यू सर. माझं निम्मं काम तुम्हीच केलंत.”

मी सोजरबाईंना म्हणालो, कंपनीकडून मजूर आणतो.

“तुमची कंपनी बगितली की कालच.”

त्यांनी सावड घातली. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. पैसा नाही, पण विसरणंही नाही. ऐन भातलावणी टाकून चार बाया आल्या. आम्ही उपटलेले आणि सोजरबाईंनी ओल्या गोणपाटाखाली झाकून जगवलेले ठोंब त्यांनी वरच्या अर्ध्या उतारावर पुन्हा लावले. खाली लावायला मातीच नव्हती.

आता चौघींची लावणी फेडायची होती आणि सोजरबाईंचा गुडघा सुजलेला. मी म्हणालो, मी जातो. गेलोही. चिखलात उभा राहून तिघींच्या खाचरांत भात लावलं. “ह्येची वळ बग, दारू पिऊन घरी चाललीय,” असं चौघींतली मुक्ताई ओरडायची आणि बाकीच्या हसून खाली बसायच्या. चौथं खाचर खुद्द मुक्ताईचं. त्या शनिवारी मला नेमकं काम आलं. “फुडल्या साली ये,” ती म्हणाली.

दिवाळीला वरचं गवत गुडघ्याएवढं होतं. रणजितने शब्द पाळला, दोन्ही बाजूंनी पाळला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी खाली ट्रक आले. फुटक्या फरशा, कमोड, सिमेंटची ढेकळं. धूळ उडते आणि मारवेलवर बसते. सोजरबाई गवत कापतात, बादलीत खळबळून धुतात आणि मग म्हशीला घालतात. तरी म्हैस कधीकधी तोंड फिरवते.

पुढच्या जुलैत मी मुक्ताईकडे गेलो. तिच्या खाचराभोवती बिल्डरचे निळे पत्रे लागले होते.

“मावशी, माझी एक लावणी राहिलीय.”

“लाव की. बेसमेंटात लाव.”

“दुसरं काहीतरी काम सांगा.”

“सावड रानाची आसती, बाबा. भांडी घासून फिटत न्हाई ती.”

हे सोजरबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी विळा खाली ठेवला. “म्हंजे माज्यावर ऱ्हायलं की,” एवढंच म्हणाल्या. माझ्यावर नाही. तेव्हापासून त्या दळण आणायलाही मुक्ताईचं दार टाळून लांबच्या रस्त्याने जातात.