सातवं पान पहिलं

मी चौथी शिकले. त्यानंतर जन्मभर कापूस वेचला, आणि त्यातली बरीच वर्षं वेचणाऱ्या बायांची मुकादमीण होते. मुकादमिणीचं काम सोपं असतं, फक्त शिव्या खायची तयारी लागते. प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे तिच्या वाटच्या ओळी, आणि वेचत पुढं जाते. मुकादमीण मागून फिरते. बोंडात कापूस राहिला का ते पाहते. राहिला असला तर बाईला परत पाठवते. मी कोणालाच सोडलं नाही, सख्ख्या नणंदेलाही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझीच पात मागं राहिली.

कापसाचे वाईट दिवस होते ते. आमच्या भागात पाऊस कमी आणि पाहुणे जास्त यायचे. कापसाचं काय बिनसलं ते बघायला मुंबईची पथकं, दिल्लीची पथकं. पांढऱ्या गाड्या यायच्या, धूळ उडायची, चहा व्हायचा, गाड्या जायच्या. एकदा आमच्याही गावाचा नंबर लागला. तालुक्याहून, म्हणजे घाटंजीहून, निरोप आला, पथक दहा मिनिटं थांबेल, गावाचं निवेदन छापून तयार ठेवा.

मी तेव्हा ग्रामपंचायतीत मेंबर होते, बायांच्या राखीव जागेवर. सरपंचाला वाटलं होतं, ही बाई दाखवलं तिथं अंगठा लावेल. मी सही करायची, आणि सहीच्या आधी वाचायची. माझं वाचणं हळू आहे, त्यामुळं सभा फार लांबायच्या.

निवेदन सात पानांचं होतं. पहिल्या पानावर सरपंचाचा फोटो आणि त्याचे गुण. दुसऱ्यावर सभामंडप, मग रस्ता, मग शाळेचं कुंपण, मग स्मशानाचं शेड. सहाव्यावर सोलरचा दिवा. दिव्याची जागा लिहिली नव्हती, पण तो सरपंचाच्या दारात लागणार हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. सातव्या पानावर आमच्या बौद्ध वस्तीचा हातपंप.

आमच्या वस्तीतला जुना पंप दोन उन्हाळ्यांपासून कोरडा होता. पाणी आणायला नाल्यापलीकडच्या विहिरीवर जावं लागे. त्या उतारावर माझी सून घसरली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून तिच्या वाट्याचे गुंडही, म्हणजे पाण्याचे हंडे, मीच आणत होते. म्हणून मला हातपंप पाहिजे होता. वस्तीचं भलं वगैरे नंतर.

आता दहा मिनिटांत साहेब सातव्या पानावर कसा पोचेल? पंगतीत शेवटी बसणाऱ्याला वरणाचं पाणीच मिळतं, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

बाजाराच्या दिवशी सरपंच म्हणाला, "मावशी, घाटंजीले चालल्याच आहा तं निवेदन घेऊन येजा. टायपिंगवालीकडं तयार आहे. नुसतं छापाचं आहे."

"आणतो नं," मी म्हटलं. "मले कोणतं ओझं होते?"

टायपिंगवाली म्हणजे एका मुसलमान मेकॅनिकची बायको. तो पुढं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा, मागच्या खोलीत ही कंप्युटर घेऊन बसायची. जिभेनं चालाख, बोटांनी त्याहून. मी तिच्या बाजूला स्टूल ओढलं आणि म्हटलं, "पोरी, ते सातवं पान उचल आणि सगळ्यात वर ठेव."

ती हसली. "मावशी, पान उचलता येत नाही. यात पान नसतेच."

"काहून नसते? खाली आकडा तं दिसून राह्यला."

"आकडा मशीन टाकते. आतमधी सगळं एकच लांब लुगडं आहे समजा. मशीन त्याची घडी घालते, तेवढं पान दिसते."

मला ते पटलं नाही. ज्याच्यावर आकडा आहे ते पान नाही, असं कसं? मी म्हटलं, "मले लुगडं नको शिकवू. सरपंचाच्या फोटोवर आमचा पंप बसला पाहिजे."

तिचे डोळे चमकले. "त्यांनीच सांगितलं का?"

"त्यायनं मले आणाले सांगितलं. कसं आणाचं ते नाही सांगितलं."

"या अल्ला," ती म्हणाली आणि कामाला लागली.

तिनं सातव्या पानाच्या डोक्यापासून बोट सरकवत नेलं तसतशी अक्षरं काळी पडत गेली. मग एक टिचकी मारली आणि सगळं पान नाहीसं झालं. मी स्टुलावरून उठले.

"गेलं?"

"नाही गेलं. मशीनच्या पोटात आहे."

"तं ओकव तिले लवकर."

ती वर गेली, फोटोच्याही वर, आणि तिथं टिचकी मारली. आमचा हातपंप पहिल्या पानावर आला. मोठ्या अक्षरात मथळा, 'बौद्ध वस्तीतील महिलांचा पाण्याचा प्रश्न'. आणि मजा पाहा, बाकीच्या पानांचे आकडे आपोआप बदलले. सरपंच एकाचा दोन झाला, सभामंडप दोनाचा तीन. गावच्या पंगतीत एक ताट सरकवून पाहा, लाठ्या निघतील. इथं कोणी हूं की चूं केलं नाही.

ती म्हणाली, "थांबा मावशी, खाली काय राह्यलं ते पाहून घेतो." आणि तेवढ्यात लाइन गेली. भारनियमनाचे दिवस. टेबलाखालची बॅटरी टीं टीं करून रडू लागली.

"पाच मिनिटं चालते फक्त," ती म्हणाली. "छापू का पाहू?"

"छाप," मी म्हटलं.

जन्मभर दुसऱ्यांच्या पाती मागून तपासणारी मी, म्हटलं छाप.

पथक आलं त्या दिवशी सरपंचाच्या दारात मांडव होता. मोठा साहेब चष्म्याचा, सोबत लिहून घेणारा कारकून. साहेबानं निवेदन उघडलं. सरपंच फोटोत हसतो तसा हसून उभा होता. साहेबानं पहिलं पान वाचलं, मग दुसरं उलटलं आणि सरपंचाकडं मान वर करून पाहिलं.

"वा सरपंच! बायांचं पाणी पहिल्या पानावर आणि स्वतःचा फोटो त्याच्या मागे. असा माणूस मी या दौऱ्यात पाहिला नाही."

सरपंचाचं तोंड उघडं राहिलं, पण कौतुक वाया घालवणारा माणूस नव्हे तो. त्यानं लगेच हात जोडले. "सेवा आहे साहेब."

"पंप मंजूर समजा. पण कुठं घ्यायचा? जागा लिहिलेली नाही."

मी चमकले. जागा लिहिली होती, मी स्वतः वाचली होती. सरपंच मात्र क्षणभरही थांबला नाही. "इथंच साहेब. हा पाहा, या लिंबाखाली." म्हणजे त्याच्या ओट्यापासून दहा पावलांवर.

मी पुढं घुसले. "साहेब, शेवटी पाहा. मागं राह्यलं असन."

कारकुनानं शेवटचं पान काढलं. तिथं सोलरच्या दिव्याखाली दोन ओळी चिकटून बसल्या होत्या, 'सदर काम बौद्ध वस्तीत, विहारामागील मोकळ्या जागेत करण्यात यावे, ही नम्र विनंती.' सभेतल्या कच्च्या कागदावर सातच पानं होती, पण टाइप करताना आमचं पान दोन ओळींनी लांबलं होतं. त्या ओळी आठव्या पानावर उतरल्या होत्या, आणि सातवं उचललं तेव्हा त्या तिथंच राहिल्या. लुगडंच होतं ते, पोरगी खरं सांगत होती. मी त्याचा पदर कापून मागंच टाकला होता.

"बाई, हे दिव्याचं आहे," कारकून म्हणाला.

"नाही साहेब, पाण्याचं आहे ते."

"दिव्याच्या खाली छापलंय. म्हणजे दिव्याचंच." त्यानं लिहून टाकलं. दिवा विहारामागं, पंप लिंबाखाली. दहा मिनिटं झाली, गाड्या गेल्या.

धूळ बसायच्या आत सरपंच माझ्याजवळ आला. "मावशी, पानं कोणं बदलवली?"

"मशीननं."

"मशीनले तुमच्या वस्तीची तहान कशी कळली?"

"तिले विचारा. मी तं चौथी शिकली."

वस्तीत माझी पूजा वेगळ्या तऱ्हेनं झाली. नणंद दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आमचं एक-एक बोंड मोजे मुकादमीण! सोताचं आख्खं गाठोडं वावरात इसरून आली."

बोर झाला. लिंबाखाली पाणी लागलं, चांगलं गोड. आमच्या विहारामागं दिवा लागला. त्याच्या उजेडात आम्ही कोरडे गुंड पाहत बसलो.

मग एक दिवस मी निवेदनाची पंचायतीत राहिलेली प्रत पुन्हा वाचली, हळूहळू, माझ्या पद्धतीनं. जागा चुकली होती, पण मथळा जागेवर होता. पंप बौद्ध वस्तीतील महिलांचा. मी त्या पानाला घडी घातली, कमरेला खोचलं आणि बायांना गोळा केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तीस जणी सरपंचाच्या दारात. मी मुकादमकी केली. एकीचा गुंड भरला की दुसरीनं दांडा धरायचा, दांडा थांबता कामा नये. नवा पंप असून तो असा किरकिरायचा की कावळे उडायचे. तोंडं काही आम्ही शिवून घेतली नव्हती. कोणाची सासू, कोणाचा नवरा, सगळं तिथंच निघायचं.

सरपंचाची बायको बाहेर आली. "काहून वं, इथंच कायले मरता सकाळी सकाळी?"

मी कमरेचा कागद काढला. "हे पाहा बाई. पंप आमचाच आहे. तुमच्या दारात कायले आला, ते तुमच्या मालकाले विचारा."

ती आत गेली आणि आतून आवाज आले. आता आम्हाला तोंडावर कोणी 'तुम्ही इथलं पाणी भरू नका' असं म्हणू शकत नव्हतं. मनात किती जणांच्या होतं ते मला माहीत आहे, पण छापील कागदापुढं मनातलं चालत नाही.

पंधरा दिवस आम्ही एकही पहाट चुकवली नाही. सोळाव्या दिवशी सरपंच स्वतः आमच्या वस्तीत आला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"मावशी, मी म्हणतो, ग्रामपंचायतीतून इथं एक बोर घेऊन टाकू."

"कायले? तुमच्या दारातलं पाणी गोड आहे. आम्हाले सवय झाली."

"मावशी, हात जोडतो."

"हात नका जोडू. ठराव लिहा."

पुढच्या सभेत ठराव झाला. मी म्हटलं, जागा पहिल्याच ओळीत लिहा आणि सगळं एका पानात बसवा. त्यांनी बारीक अक्षरात बसवलं. मी वाचलं, सभा लांबली, दोघं जण पेंगले. मग मी कागद उलटा करून पाहिला, मागं काही राहिलं तर नाही. मागची बाजू कोरी होती. तेव्हा सही केली.

चैतात विहारामागं पाणी लागलं. सुनेचा हात तोवर बरा झाला होता. मी तिच्या वाट्याचे गुंड त्याच दिवशी तिला परत दिले.